गायक केव्हा येणार?

आमच्या घरात ऑर्गन म्हटला की तो संगीत नाटकाचाच. पायानं मारायचा भाता, नांदीचे सूर आणि गोविंदराव पटवर्धनांची बोटं. त्यामुळे भाईंदरच्या आमच्या दीड खोलीत मी पहिल्यांदा बाखचा ऑर्गन लावला, तेव्हा सासरे खुर्ची पुढे ओढून, मांडीवर ताल धरून बसले. पाच मिनिटं झाली, सात झाली. शेवटी न राहवून म्हणाले, "जावईबापू, सुरुवात झकास आहे. पण गायक केव्हा येणार?"

आता काय सांगायचं! ही रचना बाखनं 1739 साली छापली. पुस्तकाच्या आरंभी प्रिल्यूड, शेवटी फ्यूग आणि मधे पंचवीस इतर रचना. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या खाडीपलीकडे चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत जाऊन लागल्या. घंटांबरोबर एखादा ऑर्गन मिळाला असता, तर मराठी संगीत नाटक 1880 पर्यंत थांबलंच नसतं असं माझं मत आहे. अण्णांना ते मुळीच पटलं नाही.

फ्यूग म्हणजे काय, तर एकानं चीज मांडायची, ती संपते न संपते तोच दुसऱ्यानं तीच वरच्या किंवा खालच्या सुरांत उचलायची, आणि पहिल्यानं मात्र गप्प बसायचं नाही. मग तिसरा, चौथा, पाचवा. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अशीच चालते. फरक इतकाच की बाखच्या सभेत कोणाचंच म्हणणं वाया जात नाही. या फ्यूगचे भाग तीन. दर भागात लय पालटते, पण पहिली चीज काही जात नाही. शेवटी ती वादकाच्या पायांखालून, खर्जातून उठते.

माझ्याकडे आहे ते वादन हेल्मुट वाल्खाचं. हा तरुण वयातच पूर्ण आंधळा झाला. दुसऱ्याकडून एकेक आवाज वेगवेगळा वाजवून घ्यायचा, तो पाठ करायचा आणि मग सगळे मनातल्या मनात जुळवायचे, अशी त्याची रीत. बाखच्या ऑर्गनरचना त्यानं 1956 ते 1971 या काळात दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्या टेपवर होत्या. डिजिटल झाल्या नंतर. काही जाणकारांना तो कोरडा वाटतो. असेल. पण त्याच्या हातून एकही आवाज दुसऱ्याच्या गर्दीत चेंगरत नाही, आणि विरार लोकलनं रोज जाणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते.

डिजिटलमुळे ऑर्गनचा प्राण गेला, असं म्हणणारे मित्र मला आहेत. मला ते खरं वाटत नाही. मोठ्या ऑर्गनची सर्वांत लांब नळी बत्तीस फुटी. तिचा सूर सेकंदाला सुमारे 16 कंपनांचा. इतकं खालचं कानाला धड ऐकू येतच नाही, ते चर्चच्या बाकातून आणि फरशीतून अंगात शिरतं. सीडीत तोही सूर मावतो. मावत नाही तो माझ्या स्पीकरमध्ये. डब्याएवढा स्पीकर, त्यानं बत्तीस फूट कुठून आणावेत? शिवाय दगडी चर्चमध्ये स्वर थांबल्यावरही काही सेकंद घुमत राहतो. ते घुमणं ध्वनिमुद्रणात आहे, पण ऐन तेव्हाच आमचा कुकर शिट्टी देतो.

उलट घरी एक सोय आहे, जी लाइपझिगच्या लोकांनाही नव्हती. दुसऱ्या भागातली गुंफण कळली नाही तर मागे जाता येतं. मी अकरा वेळा गेलो. बाराव्या वेळी बायको म्हणाली, "अहो, त्यांना कळलं असेल आता."

मग मी हेडफोन आणले. स्पीकरमध्ये न मावलेलं बरंच त्यांत मावतं. अण्णांच्या कानांवर ते चढवले आणि फ्यूग लावला. अण्णा डोळे मिटून बोटांवर मोजायला लागले. एक, दोन, तीन... पाचव्या बोटावर हात थांबला. तिसरा भाग संपत आला, पायांतली चीज उठली असावी, कारण अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि हेडफोन लावलेला माणूस ओरडतो तसे ओरडले, "आला!"

शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "कोण आलं हो?"