न्यायासनावरून चौकशीच्या आसनावर
(बदलापूर आयोगाच्या निमित्तानें एक परीक्षण)

ठाणें जिल्ह्यांतील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें एकाच लोहमार्गाला लागून आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांस त्यांपैकीं अंबरनाथ हें शिलाहारकालीन शिवालयामुळें परिचित आहे, व उल्हासनगर हें फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत वसलेल्या सिंधी निर्वासितांमुळें. बदलापूरचें नांव मात्र इ. स. २०२४ सालीं ज्या कारणानें देशभर झालें, तें लिहितांना लेखणी अडखळते. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तेथील एका शाळेंतील दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें. २० ऑगस्ट रोजीं संतप्त लोकांनीं लोहमार्ग कित्येक तास रोखून धरिला. आणि २३ सप्टेंबर रोजीं आरोपी पोलिसांच्या गाडींत, पोलिसांच्याच गोळीनें, मृत्यु पावला. या मृत्यूच्या चौकशीसाठीं महाराष्ट्र सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश दिलीप बाबासाहेब भोसले यांचा आयोग नेमिला.

आयोगानें काय ठरवावें हें सांगणें आमचें काम नव्हे. असा आयोग म्हणजे इतिहासाचें कोणत्या प्रतीचें साधन, आणि तें घडविणाऱ्या न्यायाधीशाच्या पूर्वचरित्रावर वाचकानें कितपत विसंबावें, एवढाच प्रश्न येथें घ्यावयाचा आहे.

प्रथम चरित्र पाहूं. बॅरिस्टर बाबासाहेब भोसले हे १९८२-८३ मध्यें महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, न्या. भोसले हे त्यांचे पुत्र. २००१ सालीं ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. २०१२ मध्यें त्यांची बदली कर्नाटकांत झाली. तेथून ते हैदराबादच्या उच्च न्यायालयांत गेले व तेथें त्यांनीं कार्यकारी मुख्य न्यायाधीशाचें काम पाहिलें. जुलै २०१६ पासून ऑक्टोबर २०१८ पर्यंत ते अलाहाबादेस मुख्य न्यायाधीश होते. २०१९ मध्यें देशाच्या पहिल्या लोकपाल संस्थेंत न्यायिक सदस्य म्हणून त्यांची निवड झाली. जानेवारी २०२० मध्यें त्यांनीं तें पद सोडिलें. मराठा आरक्षणावरील सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२१ च्या निर्णयाचा अभ्यास करण्यासाठीं राज्य सरकारनें जी समिति नेमिली, तिचे ते अध्यक्ष होते. त्यानंतर बदलापूरचें काम त्यांच्याकडे आलें.

या क्रमांतून दोन गोष्टी निघतात, व त्या परस्परविरुद्ध दिशांनीं ओढतात. चार प्रांतांच्या न्यायालयांत बसलेल्या माणसास एका गांवाच्या, एका खात्याच्या किंवा एका पक्षाच्या रागलोभापासून दूर राहण्याची संवय लागते. शिवाय २०२१ चें सरकार व २०२४ चें सरकार हीं एकमेकांचीं विरोधक होतीं. दोघांनींही याच नांवाकडे वळावें, हें त्या नांवाच्या भूषणास्पद आहे. परंतु निवृत्तीनंतरचीं हीं दोन्ही कामें सरकारनें दिलेलीं आहेत, ही दुसरी गोष्ट. बदलापूर प्रकरणांत तर सरकारचें स्वतःचें पोलीस खातेंच प्रश्नाखालीं होतें. ज्याच्या नोकरांची चौकशी, त्यानेंच चौकशी करणारा निवडावयाचा, हा दोष व्यक्तीचा नाहीं, रीतीचा आहे. आणि रीतीचा दोष व्यक्तीच्या सचोटीनें झांकतो, पण नाहींसा होत नाहीं.

याच्याशीं जुन्या दोन चौकशा ताडून पाहाव्या. बदलापूरपासून फार दूर नसलेल्या भिवंडींत, तसेंच जळगांव व महाड येथें, मे १९७० मध्यें ज्या दंगली झाल्या, त्यांची चौकशी न्या. दि. पे. मादन यांनीं केली. ते त्या वेळीं मुंबई उच्च न्यायालयाचे चालू न्यायाधीश होते. मुख्य न्यायाधीशपद व सर्वोच्च न्यायालय हे टप्पे पुढचे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे न्या. बी. एन. श्रीकृष्ण हेहि चालू न्यायाधीशच होते. जानेवारी १९९६ मध्यें सरकारनें त्यांचा आयोग मोडिला व मे महिन्यांत तो पुन्हा जिवंत केला. १९९८ च्या फेब्रुवारींत त्यांनीं अहवाल दिला. आयोग मोडला तरी न्यायाधीशाचें आसन मोडत नाहीं, हा या प्रकरणाचा धडा आहे. जें पद सरकारनें चौकशीसाठीं दिलेलें नव्हतें, तें सरकार काढूनहि घेऊं शकत नव्हतें. न्या. श्रीकृष्ण पुढें केरळचे मुख्य न्यायाधीश व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि निवृत्तीनंतर सहावा वेतन आयोग, तेलंगण समिति, खाजगी माहितीच्या संरक्षणाची समिति अशीं अनेक कामें त्यांच्याकडे आलीं. तीं धोरणाचीं कामें होतीं. तेथें निवृत्त न्यायाधीश नेमण्यास कोणाचीच हरकत नसावी. जेथें मनुष्य मेला आहे व शासनाचा हात त्यांत होता कीं काय हें पाहावयाचें आहे, तेथें मात्र चालू न्यायाधीशच हवा, असें आमचें स्पष्ट मत आहे. न्यायालयांत खटले तुंबलेले असतां न्यायाधीश बाहेर कसा द्यावा, ही अडचण खरी आहे. परंतु अशीं प्रकरणें थोडीं असतात, आणि त्यांची किंमत मोठी असते.

आतां कायद्याकडे वळूं. चौकशी आयोगांचा कायदा १९५२ चा. त्याखालीं मुंबईचे न्या. तेंडोलकर यांचा आयोग नेमला गेला असतां दालमिया यांनीं त्यास आव्हान दिलें, व १९५८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, आयोग न्यायदान करीत नाहीं. त्याचे निष्कर्ष कोणासहि बंधनकारक नसतात. आयोगापुढें मनुष्यानें सांगितलेलें त्याच्याच विरुद्ध दिवाणी वा फौजदारी कामांत वापरतां येत नाहीं. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. सरकारनें अहवाल, त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह, सहा महिन्यांच्या आंत विधिमंडळापुढें ठेवावा अशी तरतूद आहे. म्हणजे आयोग शिक्षा देत नाहीं, भरपाई देत नाहीं. त्याच्या हातून जें खरोखर उत्पन्न होतें तें एकच : प्रतिज्ञालेख, जबान्या, उलटतपासण्या व दाखल कागद यांचा संग्रह. न्याय मागणाऱ्यास हें तोकडें वाटेल, आणि तें तोकडें आहेच. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीनें हाच संग्रह सर्वांत मोलाचा.

तो कां मोलाचा, हें बदलापूरच्या शेजारच्या अंबरनाथाकडे पाहिलें असतां समजतें. तेथील देवळांतला शिलालेख शिलाहार राजा माम्वाणि याच्या कारकीर्दींतला. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील वर्ष शके ७८२ असें वाचिलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असें वाचिलें, व तेंच आज ग्राह्य धरितात. भाऊ दाजींचें नांव मोठें होतें, म्हणून त्यांचें वाचन खरें ठरलें नाहीं. भगवानलालांची विद्या थोर होती. पण दोनशें वर्षांची ही चूक त्यांस दुरुस्त करतां आली ती दगड शाबूत होता म्हणून. दगड नष्ट होऊन केवळ पहिल्या पंडिताचा निष्कर्ष उरला असता, तर आपण आजहि तें देऊळ दोनशें वर्षांनीं जुनें मानीत राहिलों असतों.

आयोगाचा निष्कर्ष म्हणजे वाचन. साक्षी म्हणजे दगड. १९९८ मध्यें त्या वेळच्या सरकारनें श्रीकृष्ण अहवालाचे मुख्य निष्कर्ष अमान्य केले. तरीहि ५०२ साक्षीदारांचें सांगणें पुसलें गेलें नाहीं, आणि अहवालाच्या दुसऱ्या खंडांत ठाण्याठाण्यांतून काय घडलें याचा तपशील वाचकास आज मिळतो. ज्यास न्या. श्रीकृष्णांचें मत पटत नाहीं, त्यानेंहि त्या तपशिलाशींच झगडलें पाहिजे.

बदलापूरच्या बाबतींत ही काळजी अधिकच घेतली पाहिजे, कारण तेथें एकाच घटनेभोवतीं निरनिराळ्या चौकशा उभ्या राहिल्या. कोठडींतील मृत्यूसंबंधीं कायद्यानें करावी लागणारी दंडाधिकाऱ्यांची चौकशी वेगळी. तिचा अहवाल जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें आला, व त्यांत गाडींतील पांच पोलिसांस मृत्यूबद्दल जबाबदार धरिलें होतें. पोलिसांचें म्हणणें स्वसंरक्षणाचें होतें. शाळांतील मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठीं उच्च न्यायालयाच्या पुढाकारानें झालेली समिति वेगळी, तीवर न्या. साधना जाधव व न्या. शालिनी फणसळकर-जोशी या निवृत्त न्यायाधीश होत्या. आयोग वेगळाच. एकाच प्रसंगाचीं अशीं अनेक साधनें मिळणें हें संशोधकाचें भाग्य खरें. मात्र तीं एकत्र ठेवून ताडतां आलीं तरच.

यासाठीं आमची सूचना अशी. निष्कर्ष कांहींहि असोत, अशा प्रत्येक आयोगाचें संपूर्ण दप्तर पुराभिलेख संचालनालयाकडे जावें, व ठराविक मुदतीनंतर तें अभ्यासकांस खुलें व्हावें. त्यांत एक मर्यादा मात्र कधींहि ओलांडूं नये. त्या दोन मुलींची ओळख पटेल असा एकहि कागद उघडा होतां कामा नये. तेवढा भाग मोहोरबंद राहावा. इतिहासास त्यांचीं नांवें नकोत. त्यांच्या तक्रारीची दखल किती दिवसांनीं व कोणीं घेतली, हें हवें आहे.

न्यायाधीशाचें नांव, त्याचीं पदें व त्याचा लौकिक हीं लोकांस धीर देण्यापुरतीं उपयोगी आहेत. शंभर वर्षांनीं बदलापूरचा इतिहास लिहिणारा त्या नांवास मान देईल, पण मागेल तो कागद. तो कागद राखणें हें काम कोणत्याहि आयोगाच्या कार्यकक्षेंत लिहिलेलें नसतें. तें तेथें लिहिलें जावें, असा आग्रह इतिहासाच्या अभ्यासकांनींच धरिला पाहिजे.