फ्लॅशकार्डे लिहिण्याचे वीस नियम : एक परीक्षण

एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. फ्लॅशकार्ड ही वस्तू शिक्षकांना नवी नाही. बालवाडीतल्या अक्षरचित्रांपासून पाढ्यांच्या पुठ्ठ्यांपर्यंत ती आपण वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत. आता हीच कार्डे मोबाइलच्या पडद्यावर आली आहेत, आणि त्याबरोबर एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पूर्वी कार्ड तयार करणारा आणि ते वर्गात उचलून दाखवणारा बहुधा एकच शिक्षक असे. ऑनलाइन कार्डे मात्र पुष्कळदा बाहेरचे मुक्त लेखक लिहून देतात. ज्या मुलांसाठी ती लिहायची, ती मुले त्यांनी पाहिलेली नसतात. धडा कोणत्या क्रमाने शिकवला गेला, प्रयोग झाला की नाही, हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांच्या हाती असते ती सूचनांची एक यादी. म्हणून ती यादी तपासून पाहणे हे शिक्षकांचेही काम आहे, असे आम्हाला वाटते.

अशा यादीचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांनी १९९९ मध्ये मांडलेले ज्ञान-मांडणीचे वीस नियम. कार्ड कसे लिहावे याविषयी आजही या नियमांचा आधार घेतला जातो. १९८५ च्या सुमारास, विद्यार्थी असतानाच, वोझ्नियाक यांनी स्वतःच्या अभ्यासावर कागद-पेन्सिलीने प्रयोग सुरू केले. एखादी गोष्ट पुन्हा किती दिवसांनी आठवून पाहिली तर ती विसरण्याच्या आत पक्की होते, हे त्यांना शोधायचे होते. १९८७ मध्ये त्यांनी संगणकासाठी ‘सुपरमेमो’ हा कार्यक्रम लिहिला. उत्तर जमले तर पुढची उजळणी लांबवायची आणि चुकले तर जवळ आणायची, हे त्याचे तत्त्व. त्याआधी १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी हेच काम पाच कप्प्यांच्या खोक्याने करून दाखवले होते. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. खोक्याच्या जागी संगणक आला, एवढाच दोहोंत मुख्य फरक.

नियमांची जमेची बाजू

वीस नियमांतला सर्वांत गाजलेला नियम चौथा. एका कार्डावर शक्य तेवढी कमीत कमी माहिती असावी, असे तो सांगतो. वोझ्नियाक यांनी त्यासाठी मृत समुद्राचे उदाहरण घेतले आहे. ‘मृत समुद्राची वैशिष्ट्ये सांगा’ असा प्रश्न आणि उत्तरात पाच-सात ओळींचा परिच्छेद, हे वाईट कार्ड. त्याऐवजी तो कोठे आहे, त्याची लांबी किती, तो समुद्रसपाटीपेक्षा किती खाली आहे, त्यात माणूस का तरंगतो, असे सुटे प्रश्न करावेत. या सल्ल्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. परिच्छेदाएवढे उत्तर दरवेळी वेगळे आठवते. अर्धे आले तर ते बरोबर धरायचे की चूक, हे मुलाला कळत नाही आणि यंत्रालाही कळत नाही.

याद्या टाळाव्यात, हा नियमही वर्गात उपयोगी पडेल. ‘पचनसंस्थेचे अवयव क्रमाने सांगा’ या प्रश्नाला मूल गाण्यासारखे उत्तर देते आणि मध्येच अडवले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ‘अन्ननलिकेतून अन्न कोठे जाते?’, ‘लहान आतड्यात येण्यापूर्वी अन्न कोठे होते?’ अशा जोडप्रश्नांनी क्रम खरोखर कळला आहे का, ते दिसते.

तिसरा चांगला नियम सारख्या दिसणाऱ्या गोष्टींच्या गोंधळाविषयी आहे. आपल्याकडे याचे ठळक उदाहरण म्हणजे वजन आणि वस्तुमान. वाणी किलोत देतो त्याला घरी ‘वजन’ म्हणतात आणि विज्ञानाच्या तासाला त्यालाच ‘वस्तुमान’ म्हणावे लागते. दोन्हींच्या व्याख्या दोन कार्डांवर वेगवेगळ्या पाठ केल्या तर गोंधळ तसाच राहतो. ‘एक दगड चंद्रावर नेला. वस्तुमान आणि वजन यांपैकी काय बदलले, काय तसेच राहिले?’ असे एकच कार्ड दोन्ही संज्ञा समोरासमोर आणते. वस्तुमान तेवढेच राहते, वजन सुमारे एक षष्ठांश होते. येथे प्रश्न थोडा मोठा झाला, पण गोंधळ नेमका जेथे होतो तेथेच बोट ठेवले गेले.

नियम कोणासाठी लिहिले?

आमचा मुख्य आक्षेप या नियमांच्या मजकुरावर नाही, त्यांच्या वापरावर आहे. वोझ्नियाक यांचा पहिला नियम सांगतो : जे समजलेले नाही ते पाठ करू नका. दुसरा सांगतो : आधी विषय एकसंध शिका, मगच त्याची कार्डे करा. चौदावा सांगतो : कार्डात स्वतःच्या अनुभवातली उदाहरणे घाला. हे तिन्ही नियम जो स्वतःसाठी कार्डे लिहितो त्याला उद्देशून आहेत. येथे लिहिणारा आणि शिकणारा एकच आहे, हे गृहीत धरलेले आहे.

हीच यादी मुक्त लेखकाच्या हाती दिली की काय होते? पहिला नियम त्याला पाळताच येत नाही, कारण समजायचे आहे ते मुलाला. दुसराही पाळता येत नाही, कारण धडा त्याच्या ताब्यात नाही. चौदाव्या नियमाप्रमाणे त्याने स्वतःच्या गावचे उदाहरण दिले, तर दुसऱ्या गावच्या मुलाला ते आणखी एक पाठ करण्याची गोष्ट होते. मग सहज पाळता येईल असा, आणि तपासनिसाला मोजता येईल असा नियम शिल्लक राहतो तो चौथा : लहान करा, तुकडे करा. त्यात मोबदला कार्डांच्या संख्येवर ठरत असेल, तर एका धड्याचे शंभर तुकडे होण्यास वेळ लागणार नाही. ज्या नियमांवर बाकीची इमारत उभी होती ते पाया-नियम बाजूला राहतात आणि वरचा मजला तेवढा उचलून आणला जातो.

मृत समुद्राचेच उदाहरण पुढे नेऊ. ‘मृत समुद्रात माणूस का तरंगतो?’ या कार्डाचे उत्तर ‘पाण्यात क्षारांचे प्रमाण जास्त असल्यामुळे’ असे आहे. हे उत्तर मूल दहा वेळा बिनचूक देईल. पण ज्याने साध्या पाण्यात बुडलेले अंडे मीठ विरघळवल्यावर वर येताना पाहिले आहे आणि घनतेचा विचार केला आहे, त्याच्या तोंडी या वाक्याला अर्थ आहे. बाकीच्यांसाठी ते एक शब्दांचे जोडपे आहे. कार्ड दोघांनाही सारखेच गुण देते. कार्ड नीट चालल्याने समज आली, असा समज करून घेण्याचा धोका येथेच आहे.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. २००६ पासून उपलब्ध असलेल्या ‘अँकी’ या लोकप्रिय मोफत कार्यक्रमाची माहितीपुस्तिकाच सांगते, की अवघड विषयासाठी स्वतः तयार केलेली कार्डे सर्वांत परिणामकारक ठरतात, आणि भाषा व विज्ञान हे विषय नुसत्या तथ्यांच्या पाठांतराने समजत नाहीत.

प्रयोग काय सांगतात?

आठवून पाहण्याने ज्ञान पक्के होते, याला भक्कम आधार आहे. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली आणि इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवल्या. एकदा जमलेला शब्द ज्यांना पुन्हापुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. एकदा जमल्यावर ज्यांची चाचणी थांबवली, त्यांना सुमारे एक तृतीयांशच आठवले. नुसते पुन्हापुन्हा वाचण्याने हा फरक भरून निघाला नाही.

पण ही सामग्री शब्दांच्या जोड्यांची होती, म्हणजे कार्डासाठी जणू मापून कापलेली. विज्ञानाच्या उताऱ्याचे काय? कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये तेही तपासले. एका गटाने उतारा समोर ठेवून संकल्पना-चित्रे काढली. दुसऱ्या गटाने उतारा वाचून बाजूला ठेवला, आठवेल तेवढे सगळे लिहिले, पुन्हा वाचले, पुन्हा लिहिले. आठवड्यानंतर दुसरा गट पुढे होता, आणि तर्क करून उत्तर द्यावे लागणाऱ्या प्रश्नांतही पुढे होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या विद्यार्थ्यांनी तुकडे आठवले नव्हते. त्यांनी आख्खा उतारा, त्यातल्या संबंधांसह, स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभा केला होता. तेव्हा ‘आठवून पाहा’ या तत्त्वाला मिळालेला पुरावा ‘तुकडे करा’ या तत्त्वाच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

मराठीत लिहिताना

गाळलेली जागा भरण्याचे कार्ड लिहायला सोपे आणि परिणामकारक, असे पाचवा नियम म्हणतो. मराठीत ते लिहायला सोपे आहे, पण परिणामकारक असेलच असे नाही. कारण आपली भाषा लिंगाप्रमाणे बदलते. ‘पेशीला ऊर्जा पुरवणारी ......’ असे लिहिले, की ‘पुरवणारी’ या एका शब्दाने केंद्रक आणि हरितलवक हे दोन्ही पर्याय आपोआप गळतात. मूल ‘तंतुकणिका’ म्हणते ते कानाने, विज्ञानाने नव्हे. ‘पेशीत ऊर्जानिर्मिती कोठे होते?’ असा सरळ प्रश्न केला तर हा आयता धागा मिळत नाही. इंग्रजी सूचना जशाच्या तशा लेखकांच्या हाती देणाऱ्यांच्या लक्षात ही अडचण येण्याची शक्यता कमी. मराठी कार्डे तपासताना शिक्षकांनी ती जरूर पाहावी.

शेवटी टाकलेले दोन नियम

माहितीचा आधार द्या, आणि बदलणाऱ्या माहितीवर तारीख घाला, हे नियम वोझ्नियाक यांनी अठराव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकावर ठेवले आहेत. स्वतःच्या वहीसाठी ते तेथे शोभतात. दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्याने मात्र ते सर्वांत वर ठेवावेत. मृत समुद्राच्या कार्डावर ‘सुमारे ४०० मीटर खाली’ असे उत्तर होते. जॉर्डन नदीचे पाणी वरच्या बाजूस वळवल्यामुळे आणि क्षार काढण्यासाठी पाण्याचे बाष्पीभवन केल्यामुळे त्याची पातळी वर्षाला सुमारे एक मीटरने उतरत गेली. आता ती समुद्रसपाटीपेक्षा ४३० मीटरहून अधिक खाली आहे. किलोग्रॅमचे प्रमाण म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, हे उत्तर २० मे २०१९ पासून चूक ठरले. किलोग्रॅमची व्याख्या आता प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे. शनीच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २०२५ मध्ये २७४ वर गेली. वर्गात चुकीचे उत्तर सांगितले गेले तर ते त्या दिवसापुरते राहते, एखादा विद्यार्थी हात वर करून शंकाही विचारतो. कार्डावरचे चुकीचे उत्तर मात्र नेमके विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा समोर येते आणि पक्के होत जाते. पद्धत जितकी परिणामकारक, तितकी चूकही टिकाऊ.

मग काय करावे?

कार्डे लिहून घेणाऱ्यांकडून आमच्या चार अपेक्षा आहेत. प्रत्येक संचावर लेखकाचे नाव, आधार आणि तारीख असावी. हा संच कोणत्या पाठानंतर व कोणत्या प्रयोगानंतर वापरावा, हे आरंभीच लिहावे. ‘काय’ आणि ‘किती’ विचारणाऱ्या कार्डांच्या मागोमाग ‘कशावरून’ विचारणारे कार्ड असावे. आणि मोबदला कार्डांच्या संख्येवर न ठेवता पाठावर ठेवावा.

शिक्षकांसाठी सूचना एकच. पाठ आणि प्रयोग झाल्यावर मुलांना पुस्तक मिटून आठवेल ते सलग लिहू द्यावे, आणि त्यात जे निसटले त्याचीच कार्डे मुलांनी स्वतः करावीत. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी त्याला पुरतात. गोंधळ कोठे होतो हे मुलांच्या कार्डांवरून शिक्षकालाही कळेल. तयार ऑनलाइन संच त्यानंतर उजळणीला खुशाल घ्यावेत. तोपर्यंत मुलांचा हात त्यातली चूक पकडण्याइतका तयार झालेला असेल, आणि चूक सापडली तर ती लेखकाला कळवण्याचे कामही मुलांवरच सोपवावे.