न्यायासनावरील बाहुला

मृत्यूनंतर जिवाचा निवाडा होतो ही कल्पना जितकी प्राचीन, तितकीच ती कलावंताच्या दृष्टीने धोक्याची आहे. निवाडा व्हावयाचा हे एकदा ठरले की लेखकाचे लक्ष पापपुण्याच्या बेरीज-वजाबाकीकडे लागते आणि माणूस बाजूला पडून त्याचा हिशेब तेवढा उरतो. आपल्याकडील यमपुरीच्या बहुतेक कथा आणि १९७७ सालच्या ‘यमगोला’ या तेलुगू चित्रपटासारखी दक्षिणेतील यमदरबाराची प्रहसने या धोक्यातून एकाच वाटेने सुटतात. ती यमाला हास्यास्पद करतात. यमाला हास्यास्पद न करता, आणि त्याच्या निवाड्यापुढे मानही न तुकवता, त्याच्याकडे पाहता येईल काय, हा प्रश्न मला पडला तो एका जपानी चित्रमालिकेमुळे. ‘डेथ परेड’ हे तिचे नाव. पेरुंगुडीतील आमच्या घरी तरुण मंडळी ती पाहत होती. चलत्‌चित्रे म्हणजे मुलांच्या खोलीतली वस्तू, या समजुतीने मी पहिला भाग उभ्यानेच पाहिला. उरलेले अकरा बसून पाहिले.

युझुरु ताचिकावा यांनी २०१३ साली ‘डेथ बिलियर्ड्‌स’ हा लघुपट केला आणि त्याचाच विस्तार करून मॅडहाउस या चित्रसंस्थेसाठी २०१५ च्या जानेवारी ते मार्च या काळात ही बारा भागांची मालिका रचली. एकाच वेळी मरण पावलेली दोन माणसे लिफ्टमधून एका मद्यगृहात येतात. आपण मेलो आहोत हे त्यांना आठवत नाही. डेसिम नावाचा पांढऱ्या केसांचा, अतिशय विनयशील असा मद्यगृहसेवक त्यांना एक खेळ खेळावयास लावतो आणि तो जिवावर बेतणारा आहे असे भासवतो. खेळाच्या ताणाखाली त्यांचे अंतरंग उघडे पडावे, हा हेतू. खेळ संपला की दोन लिफ्टची दारे उघडतात. एक पुनर्जन्माकडे जाते, दुसरी शून्याकडे. (पेरुंगुडीतील संगणक-कंपन्यांच्या इमारतींत रात्री अपरात्री लिफ्टने चढउतार करणाऱ्यांना ही योजना निराळी उकलून सांगावी लागू नये.)

जपानचा एन्मा हा आपलाच यम. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे तेथे पोहोचला. त्याच्या दरबारात एक आरसा असतो व मृताची सारी कृत्ये त्यात दिसतात, अशी तिकडची श्रद्धा आहे. आपल्याकडे ते काम चित्रगुप्ताकडे आहे. येथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर कांचीपुरमला त्याचे स्वतंत्र देऊळ आहे. मूर्तीच्या एका हाती लेखणी आणि दुसऱ्या हाती ताडपत्र. आपल्यासारख्या फायलींत आयुष्य घालवणाऱ्यांना हा देव परका वाटण्याचे कारण नाही. ताचिकावांनी मात्र आरसाही काढून टाकला आणि वहीही. डेसिमला मृतांच्या आयुष्यातील काही आठवणी तेवढ्या पुरवल्या जातात. म्हणजे कागद आहेत, पण ते अपुरे आहेत. आणि अपुऱ्या कागदांवर निर्णय मात्र पुरा द्यावयाचा आहे. मालिकेचे खरे आशयसूत्र येथे आहे.

पहिल्याच भागातील नवविवाहित दांपत्य घ्या. नवऱ्याच्या मनात बायकोविषयी संशय आहे. त्या संशयाच्या भरातच मोटारीचा अपघात होऊन दोघे मेलेली आहेत. बायको गरोदर होती. शेवटी ती स्त्री सांगते की मी तुझ्याशी पैशासाठी लग्न केले. डेसिम ते खरे मानून तिला शून्यात धाडतो. दुसऱ्या भागात हाच प्रसंग पुन्हा दाखवला जातो, आणि डेसिमची नवी साहाय्यिका, काळ्या केसांची एक अनाम तरुणी, साधी शंका काढते : आपण आपल्याच मुलाच्या मृत्यूला कारण झालो, या जाणिवेतून नवऱ्याला सोडवण्यासाठी ती खोटे बोलली नसेल कशावरून? डेसिम आपली चूक मान्य करतो. पण लिफ्ट गेलेली आहे. अपिलाची सोय या दरबारात नाही.

आपण ज्या प्रांतात नोकरीनिमित्ताने राहतो तेथील ‘शिलप्पदिकारम्‌’मध्ये कण्णगीच्या निरपराध पतीला देहांत शिक्षा देणारा पांड्य राजा आपला अन्याय कळताक्षणी सिंहासनावरच प्राण सोडतो. डेसिम तसे करू शकत नाही. त्याला मरण नाही, कारण तो जिवंतच नाही. न्याय देण्यासाठी बनवलेला तो एक बाहुला आहे. चूक मान्य करून तो पुढच्या दोघांसाठी पेले पुसू लागतो. हा थंडपणा दिग्दर्शकाने कोठेही अधोरेखित केलेला नाही, म्हणूनच तो बोचतो.

खेळाच्या मिषाने निवाडा ही युक्ती मराठी रसिकाला नवी नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (प्रथम प्रयोग १९६७) वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला बघता बघता लीला बेणारेच्या अंगावर येतो. मात्र तेंडुलकरांचे न्यायाधीश आणि वकील स्वतः त्याच चिखलातले आहेत. बेणारेला सोलताना त्यांची स्वतःची क्षुद्रता उघडी पडते. डेसिमच्या ठिकाणी क्षुद्रता नाही, मत्सर नाही, कुतूहलही नाही. आणि मालिकेचा आक्षेप नेमका या निर्मळ अलिप्ततेवरच आहे. माणसाला वेदना देऊन, घाबरवून, कोपऱ्यात गाठून त्याच्यातून जे बाहेर काढले, ते त्याच्या मनात आधीपासून होते असे कशावरून? ते तुम्हीच निर्माण केले नाही काय? काळ्या केसांच्या तरुणीचे म्हणणे थोडक्यात असे आहे, आणि चौकशी-अधिकारी म्हणून ज्याने कधी काम केले असेल त्याला ते सहजासहजी झटकून टाकता येणार नाही.

आठव्या-नवव्या भागांत हा आक्षेप परमावधीला पोहोचतो. बहिणीवरील अत्याचाराचा सूड घेणारा तरुण आणि एक वृद्ध गुप्त पोलीस समोरासमोर येतात. पोलिसाची बायको खुनात बळी पडलेली. तेव्हापासून न्याय आपल्याच हाती घ्यावयाचा, हे त्याचे व्रत. हळूहळू उलगडते की पुरावा पक्का व्हावा म्हणून तो त्या मुलीवरील अत्याचार उभा राहून पाहत होता. शिक्षेच्या अचूकपणासाठी गुन्हा पूर्ण होऊ देणारा हा माणूस पडद्यावर आला की डेसिमच्या पद्धतीचे व्यंग निराळे सांगावे लागत नाही. बारा भागांतले हे दोन सर्वांत कठोर आहेत, आणि सर्वांत चांगलेही.

सारेच भाग या तोलाचे नाहीत. एक गायक आणि त्याची शाळकरी चाहती यांचा सहावा भाग निव्वळ थिल्लर वाटतो. वरच्या मजल्यांवरील अधिकाऱ्यांचे डावपेच अर्धवट सोडलेले आहेत. पुनर्जन्म किंवा शून्य अशी दोनच दारे ठेवल्यामुळे अपराधाचे प्रमाण हा प्रश्नच उद्भवत नाही, ही तर घाटातलीच उणीव आहे. आपल्या महाभारताने तो प्रश्न आदिपर्वातच घेतला. बालपणी गवताची काडी किड्यांना टोचल्याबद्दल मांडव्य ऋषींच्या वाट्याला सूळ आला. त्यांनी धर्मराजालाच जाब विचारला, चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पातक मानू नये अशी मर्यादा घातली, आणि शाप दिला की तू मनुष्ययोनीत जन्म घे. यम विदुर झाला. न्यायाधीशाला शिक्षा म्हणून माणसाचे आयुष्य द्यावयाचे, ही कल्पना मला जागतिक वाङ्मयातही विरळ वाटते. ताचिकावांना मांडव्य ठाऊक असण्याचा संभव कमी. पण डेसिमची वरिष्ठ नोना त्याच्या ठिकाणी गुपचूप मानवी भावना पेरते, हे त्याच दिशेचे पाऊल आहे.

शेवटच्या भागात ती तरुणी कोण हे आपल्याला ठाऊक असते : चियुकी, बर्फावर नृत्य करणारी खेळाडू, गुडघा निकामी झाल्यावर तिने आत्महत्या केली. डेसिम तिला तिच्या घरी नेतो. आई तिच्या फोटोपुढे बसून शोक करते आहे. हे बटण दाब, तू परत जिवंत होशील. मात्र तुला ठाऊक नसलेला कोणीतरी मरेल. आईला एक शब्द सांगण्यासाठी व्याकूळ झालेली चियुकी बटणापर्यंत हात नेते आणि मागे घेते. त्या अनोळखी माणसाचीही कोणी आई असेल, हे तिला सुचते. एवढा वेळ तिची परीक्षा घेणारा डेसिम त्या क्षणी कोसळतो. दुःख म्हणजे काय हे त्याला प्रथमच कळते. प्रसंग भावविवशतेच्या काठावर आहे, आणि पार्श्वसंगीत त्याला क्वचित काठापलीकडे ढकलते. तथापि निरोपाच्या वेळी लिफ्टच्या दारात डेसिम जे हसतो, ते अनभ्यस्त, किंचित वाकडे हसू चित्रकारांनी ज्या संयमाने रेखाटले आहे त्यासाठी मी त्यांना पुष्कळ माफ करावयास तयार आहे.