ओवीची डावी कड

लेटेकमधली कविता जुळवण्याची सोय म्हणजे मुळात ठिपके काढलेली यादीच, हे मला बहिणाबाईंची गाणी लावताना कळलं. ओळ रुंदीत मावली नाही, तर उरलेला तुकडा दीड एम, म्हणजे टंकाच्या आकाराच्या दीडपट, आत सरकतो. ती रिकामी जागा सांगते : ही नवी ओळ नव्हे, आधीचीच आहे. नीटनेटकेपणाच्या हौसेनं मी ती काढली, आणि एका ओळीच्या दोन झाल्या. लय मोडली. जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी उतरवून घेतली. पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यावर. ओळ कुठे संपते, हे कागदावर त्यांनी कधी ठरवलंच नाही; ते जुळवणाऱ्याच्या हाती राहिलं. म्हणून त्यांच्या गाण्यांची कुठलीही आवृत्ती पारखताना मी प्रस्तावनेआधी डावी कड पाहतो.