कारावासातील बासरी

कोरियन संगीतकार इसांग युन (1917-1995) यांना 1967 साली दक्षिण कोरियाच्या गुप्तचरांनी पश्चिम बर्लिनमधून सेऊलला पळवून नेले. हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना प्रथम जन्मठेप झाली. 1963 साली उत्तर कोरियात जाऊन त्यांनी कोगुर्यो काळातील थडग्यांतली भित्तिचित्रे पाहिली होती. त्या प्रवासाचाच आधार आरोपास देण्यात आला. 1968 साली कैदेत असतानाच त्यांनी बासरी, ओबो, व्हायोलिन व चेलो यांसाठी ‘इमेजेस’ रचली. तिचा विषय तीच चित्रे होत.

या रचनेत आक्रोश नाही, म्हणून ती अन्यायाला उत्तर नव्हे, असा आक्षेप संभवतो. 1980 च्या क्वांगजू हत्याकांडावर युन यांनी पुढे 1981 साली उघडपणे वाद्यवृंदरचना केली, हेही आक्षेपकांच्या पथ्यावर पडते. आमच्या मते हा आक्षेप टिकत नाही. जे पाहणे सत्तेने गुन्हा ठरविले, तेच युन यांनी तुरुंगातून ऐकविले. त्यांचा दीर्घ स्वर कंप पावतो, वळतो, पण तुटत नाही; बासरीत तर वादकाचा श्वासही जाणवतो. चारही वाद्ये परस्परांत मिसळतात, तरी कोणाचाच आवाज पुसला जात नाही.

पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या श्रोत्यास हा प्रतिकार उमगणार नाही, ही रचनेची मर्यादा आम्ही मान्य करतो. तथापि दलित साहित्याच्या चर्चेतून आपणांस हा प्रश्न परिचित आहे. पीडिताच्या कलेकडून केवळ वेदनेचीच मागणी करणे, हाही एक बंदिवासच होय.