‘शिक्षक म्हणजे कुंभार’ : याला डेटा म्हणायचं का?

“शिक्षक ____सारखा असतो, कारण ____.” एवढी रिकामी जागा भरून घ्यायची, उत्तरांचे गट पाडायचे आणि त्यातून शिकण्या-शिकवण्याबद्दलच्या धारणा शोधायच्या. शिक्षणशास्त्रात ही पद्धत चांगलीच रुळली आहे. प्रश्नावली एका ओळीची, त्यामुळे विषय शोधणाऱ्यांना ती सोपी वाटते. म्हणूनच ती जरा तपासून पाहू.

तुर्कस्तानातल्या साबान आणि सहकाऱ्यांचा २००७ चा पेपर हे याचं ठळक उदाहरण. ११४२ भावी शिक्षकांनी हे वाक्य पूर्ण केलं. त्यातून ६४ रूपकं आणि १० मुख्य गट निघाले. या पद्धतीची खरी ताकद आहे ‘कारण’ या शब्दात. समजा दोघांनी ‘माळी’ लिहिलं. एक म्हणतो, रोप आपलं आपण वाढतं, माळी फक्त पाणी घालतो. दुसरा म्हणतो, वेड्यावाकड्या फांद्या वेळीच छाटाव्या लागतात. रूपक एकच, धारणा उलट! म्हणजे ‘माळी’ किती जणांनी लिहिलं, एवढंच मोजलं तर हाती फारसं काही लागत नाही.

पण ‘कारण’सुद्धा पाठ केलेलं असू शकतं. हाच प्रश्न मराठीत विचारून बघा. ‘कुंभार’ येईल, सोबत ‘कारण तो मातीला आकार देतो’ हेही येईल. शिक्षकदिनाच्या भाषणांत आपण हेच ऐकत आलोय. मग आपण धारणा मोजतोय की पाठांतर?

दुसरी अडचण ‘एकच रूपक लिहा’ या अटीची. ॲना स्फार्ड यांनी १९९८ च्या लेखात शिकण्याची दोन रूपकं मांडली: ज्ञान मिळवणं आणि एखाद्या समूहाच्या कामात सहभागी होणं. दोन्हींपैकी एकच धरून बसणं धोक्याचं, हा त्यांचा मुद्दा. आपली प्रश्नावली तर नेमकं तेच करायला लावते.

लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० मध्ये रोजच्या बोलण्यात लपलेल्या रूपकांकडे लक्ष वेधलं होतं. तिकडे वळायला हवं. ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणताना ज्ञान ही वस्तू असते आणि डोकं म्हणजे डबा. ‘टायट्रेशनला हात बसला’ म्हणताना शिकणं सरावात असतं. हे कुणी विचारलं म्हणून लिहिलेलं नसतं, म्हणून जास्त बोलकं.

तेव्हा रिकामी जागा जरूर वापरा, पण ती सुरुवात म्हणून. पुढे मुलाखत घ्या, ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारा, आणि शक्य असेल तर त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा. माळी पाणी घालतोय की फांद्या छाटतोय, ते तिथे दिसेल.