मराठी पडद्यावरचा इतिहास

मराठी ऐतिहासिक चित्रपटाची सुरुवात कोल्हापुरात झाली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. ह. ना. आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी त्याच्या मुळाशी होती. तानाजी मालुसऱ्यांची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून बखरीत, बखरीतून कादंबरीत आणि कादंबरीतून पडद्यावर आली. पुढच्या शंभर वर्षांत बहुतेक ऐतिहासिक पटांनी हाच मार्ग धरला. मूळ कागद, मग इतिहासकार आणि मग पटकथा असा सरळ प्रवास मराठीत क्वचित झाला. कोंढाण्याचे नाव तानाजीच्या बलिदानानंतर सिंहगड झाले, असे प्रत्येक चित्रपट सांगतो. प्रत्यक्षात १६७० च्या आधीच्या पत्रांतही ‘सिंहगड’ असा उल्लेख सापडतो. कादंबरीकाराने घेतलेले स्वातंत्र्य पडद्यावर इतक्या वेळा गिरवले गेले की त्यालाच इतिहासाची प्रतिष्ठा मिळाली.

पारतंत्र्यात या चित्रपटांना वेगळे राजकीय वजन होते. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३० च्या शिवचरित्रावरील मूकपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. ‘स्वराज्य’ या शब्दाला ब्रिटिश सेन्सॉरने हरकत घेतली आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीच त्यात शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. सतराव्या शतकातला तोरणा पाहताना प्रेक्षकाला विसाव्या शतकातले सरकार आठवत होते. त्या काळच्या शिवपटांतली भाबडी वीरपूजा जोखताना हा संदर्भ विसरून चालत नाही.

भालजी पेंढारकरांनी हा प्रकार पन्नास वर्षे एकहाती जोपासला. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) अशी त्यांची मोठी मालिका आहे. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा स्टुडिओ भस्मसात झाला, तरी चार वर्षांत ‘छत्रपती शिवाजी’ उभा राहिला. चंद्रकांत मांढरे यांचा शिवाजी पुढच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर राहिला. भालजींचे खरे बळ माणसांत आणि मातीत होते. त्यांचे मावळे पन्हाळ्याच्या आसपासच्या रानातले वाटतात. त्यांची बोली, बसणे-उठणे, भाकरी खाणे ओळखीचे असते. व्यक्तिरेखा मात्र पहिल्या प्रवेशात जशा असतात तशाच शेवटी उरतात. निष्ठावंत निष्ठावंत राहतो, फितूर फितूर राहतो. राजकारणातले पेच, तहांतल्या तडजोडी, पैशाची चणचण यांना त्यांच्या पटकथांत जागा नव्हती.

व्यक्तिरेखांमधली ही उणीव भरून काढणारे काम त्याच काळात पुण्यात प्रभातमध्ये झाले. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) संतपट म्हणून ओळखला जातो. त्यात चमत्कार आहेत, वैकुंठगमन आहे. तरीही सतराव्या शतकातल्या मराठी कुटुंबाचे रोजचे जगणे इतक्या सच्चेपणाने दाखवणारा दुसरा चित्रपट सापडणे कठीण. गौरी यांनी उभी केलेली जिजाई भांडते, राबते, पोरांच्या पोटासाठी विठोबावर चिडते. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा तिच्या त्राग्यासमोर शांत असतो, आणि या दोघांच्या ताणातून चरित्र घडत जाते. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात हा चित्रपट नावाजला गेला, तो या माणूसपणामुळे. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ केला तेव्हा दुष्काळ, सावकारी आणि घरातले मृत्यू यांना अधिक जागा मिळाली. तो चित्रपट विचाराने पुढचा असला, तरी जुन्या चित्रपटातली घरगुती ऊब त्याला साधली नाही.

‘रामशास्त्री’ (१९४४) हा मराठी ऐतिहासिक पटाचा सर्वांत भक्कम नमुना म्हणावा लागेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या खुनाची चौकशी करून न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. या कथेत लढाई नाही. नाट्य आहे ते पुरावा गोळा करण्यात, साक्ष देणाऱ्याच्या भीतीत आणि सत्ताधाऱ्याच्या तोंडावर निकाल ऐकवण्यात. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शन आणि शीर्षक भूमिका अशा दोन्ही बाजू सांभाळल्या, आणि ललिता पवारांची आनंदीबाई पटाला आवश्यक ती धार देऊन गेली. पेशवाईसारख्या गुंतागुंतीच्या काळावर चित्रपट काढताना एक प्रश्न निवडावा आणि सगळी पात्रे त्या प्रश्नाभोवती उभी करावीत, हे या पटाने दाखवून दिले. ‘ध’चा ‘मा’ ही दंतकथा त्या काळाशी घट्ट जोडली गेली आहे, पण हा चित्रपट लक्षात राहतो तो न्यायासनामुळे.

समाजसुधारकांच्या चरित्रांकडे चित्रपट स्वातंत्र्यानंतर वळला. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. शाळा, विहीर, केशवपन, सत्यशोधक समाज हे विषय त्याने सामान्य प्रेक्षकांसमोर आणले. फुल्यांसारखा विषय मराठी मोठ्या पडद्यावर पुन्हा ठळकपणे यायला पुढे जवळपास सत्तर वर्षे लागली, यात चित्रपटसृष्टीच्या निवडीचा पक्षपात दिसतो.

१९७९ चा ‘२२ जून १८९७’ हा जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा चित्रपट या परंपरेतला सर्वांत धाडसी प्रयोग. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीजवळ चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, त्या घटनेवर तो आधारलेला आहे. वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेल्या या दिग्दर्शकांनी वाडे, बोळ, दिव्यांचा उजेड आणि कपडे यांवर जे कष्ट घेतले ते पडद्यावर दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चापेकर बंधूंचा कर्मठपणा आणि सुधारकांविषयीचा त्यांचा राग चित्रपटाने झाकला नाही. त्यांच्या बलिदानाची किंमत त्यामुळे कमी होत नाही, उलट ती माणसे खरी होतात. प्लेगच्या काळातली घरझडती, इंग्रज अंमलदारांचा उद्दामपणा, द्रविड बंधूंनी पोलिसांना दिलेली खबर, घराण्यातल्या एकामागोमाग एक फाशी या सगळ्या गोष्टी पार्श्वसंगीताच्या गजराशिवाय येतात. ही संयत शैली मराठीत रुजली नाही. तिला मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला नाही, आणि निर्मात्यांनी त्यातून घेतलेला धडा सरळ होता: घोषणा हव्यात.

जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ला केंद्र आणि महाराष्ट्र सरकारचा पैसा होता. इंग्रजीत झालेल्या या चित्रपटासाठी मामुटी यांना सर्वोत्कृष्ट अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महाडच्या चवदार तळ्यापासून पुणे करारापर्यंतचे वाद त्यात स्पष्ट मांडले आहेत. मोहन गोखले यांचे गांधीजी इथे नायकाच्या विरोधात बसलेले आहेत, आणि तरीही त्यांना खलनायक केलेले नाही. दोन मोठ्या माणसांत खरा मतभेद असू शकतो आणि तो सौम्य न करता दाखवता येतो, हे या चित्रपटाचे मोठे यश आहे. चरित्राचा विस्तार मात्र त्याला जड जातो. शेवटचा तास प्रसंगांच्या नोंदीसारखा सरकतो.

संभाजी महाराजांची पडद्यावरची प्रतिमा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. चिटणीस बखरीसारख्या उत्तरकालीन साधनांनी त्यांना व्यसनी आणि उद्धट रंगवले. रंगभूमीने तो रंग आणखी गडद केला. ‘बेबंदशाही’सारख्या नाटकांतून तो प्रेक्षकांच्या मनात बसला, आणि भालजींच्या ‘थोरातांची कमळा’ने (१९४१) दंतकथेतली प्रेमकहाणी चित्रपटात आणली. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे साधने तपासून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. कमल गोखले यांचे संशोधन त्यानंतर आले. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा अनेक आघाड्यांवर नऊ वर्षे लढणारा राजा, संस्कृतात ग्रंथ रचणारा पंडित, ही ओळख त्यातून पुढे आली. वसंत कानेटकरांची नाटके आणि शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी (१९७९) यांनी ती घरोघर पोहोचवली. २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकर यांनी याच कादंबरीवर हिंदीत ‘छावा’ केला. म्हणजे संशोधन ते पडदा हा प्रवास इथे साठ वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्यात बखरीतला कलंक पुसला गेला, हे मोठे काम झाले. पण बेंद्र्यांच्या चरित्रातले मुत्सद्देगिरी, करार, आरमार आणि पत्रव्यवहाराचे सगळे भाग वाटेत गळाले. शेवटी उरले ते युद्ध आणि छळ. संभाजी महाराजांच्या हालहाल मृत्यूची दृश्ये इतकी लांबवली आहेत की त्यांच्या राज्यकर्तेपणाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

२००९ नंतर चरित्रपटांची लाट आली. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने तिची सुरुवात अतिशय आनंददायी केली. दादासाहेब फाळके यांचे १९११ ते १९१३ हे वेड्या धडपडीचे दिवस त्यात आहेत. विम्यावर पैसे उभे करणे, घरातली भांडीकुंडी मोडणे, लंडनला जाणे, पुरुषांना स्त्रीवेश देणे हे सगळे हसत-खेळत येते. थोर माणसाला चौथऱ्यावरून उतरवूनही त्याचा आदर टिकवता येतो, हे त्यातून ठसले. नंतरच्या दिग्दर्शकांनी ती वाट सोडली. ‘बालगंधर्व’ (२०११) देखणा आहे, गाण्यांनी भरलेला आहे, पण गायिका गोहरबाईंबरोबरच्या उत्तरायुष्यापाशी तो घाई करतो. ‘लोकमान्य’ (२०१५) मध्ये टिळकांचे सनातनी आणि सुधारकविरोधी पैलू पुसट होतात. सुबोध भावे यांनी दोन्ही भूमिका जीव ओतून केल्या. पण एकच नट एकामागून एक थोर पुरुष साकारतो, तेव्हा प्रेक्षक व्यक्तीऐवजी अभिनेत्याचे रूपांतर पाहायला जातो.

‘आनंदी गोपाळ’ (२०१९) या लाटेत उठून दिसतो. गोपाळरावांचा हट्ट, त्यांचा मारकुटेपणा आणि बायकोला शिकवण्याची त्यांची तळमळ या तिन्ही गोष्टी समीर विद्वांस यांनी एकाच माणसात ठेवल्या. ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये नातवाने आजोबांची भूमिका केली. लष्करी लेखा खात्यात नोकरी करत गाणे टिकवणाऱ्या वसंतराव देशपांड्यांची घुसमट राहुल देशपांड्यांच्या गळ्यातून आणि चेहऱ्यातून कळते. कलावंताचे चरित्र सांगताना त्याची कलाच पुरावा म्हणून ठेवता येते, याचे हे उत्तम उदाहरण.

शिवकालाची लाट दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ने (२०१८) पुन्हा उसळली. कोंडाजी फर्जंद यांनी साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, ही तुलनेने कमी सांगितलेली घटना निवडण्यात चांगली दृष्टी होती. नंतर ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ आले. पहिल्या चित्रपटातला ताजेपणा पुढे आटत गेला. लाल महाल, घोडखिंड, प्रतापगड, कोंढाणा या चार जागांवर सगळी शक्ती एकवटली. एकट्या तानाजीवर १९२३ चा मूकपट, शांतारामांचा १९३३ चा बोलपट, २०२० चा हिंदी ‘तान्हाजी’ आणि २०२३ चा ‘सुभेदार’ असे चार चित्रपट आहेत. बाजीप्रभूंच्या झुंजीवर २०२२ या एकाच वर्षात दोन चित्रपट आले.

या चित्रपटांची भाषा सतराव्या शतकातली नाही. शिवकालीन पत्रांत फारसी शब्दांची दाटी आहे, आणि ती कमी व्हावी म्हणून महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला. पडद्यावरचे मावळे बोलतात ती भाषा विसाव्या शतकातल्या नाटकांची, बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या व्याख्यानांची आणि रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची आहे. ती ऐकायला भारदस्त आहे, पण सगळी पात्रे तीच बोलतात. सरदार, कुळकर्णी, नाईक, कोळी यांच्या बोलीतला फरक नाहीसा होतो. संगणकावर रचलेले गड आणि सैन्य तुटपुंज्या खर्चामुळे कृत्रिम दिसतात, याबद्दल दिग्दर्शकांना फार दोष देता येणार नाही. प्रतिपक्षाला पशू करणे मात्र पैशाचा प्रश्न नाही. ‘तान्हाजी’मधला उदयभान राठोड वेडसर क्रूरकर्मा आहे. इतिहासातला उदयभान हा मोगलांच्या चाकरीतला रजपूत किल्लेदार होता, आणि समोर शत्रू म्हणून असा तोलामोलाचा माणूस असणे यातच तानाजीच्या कामगिरीचे मोल आहे.

निर्मात्यांसमोरचा दुसरा अडथळा आक्षेपांचा. ‘हर हर महादेव’ (२०२२) मधल्या प्रसंगांवरून ठाण्यात खेळ बंद पाडला गेला. ‘छावा’तला लेझीमनृत्याचा प्रसंग टीकेनंतर काढला गेला, आणि गणोजी शिर्के यांच्या चित्रणावरून शिर्के घराण्यातील वंशजांनी आक्षेप घेतल्यावर दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. २०२५ चा हिंदी ‘फुले’ ब्राह्मण संघटनांचा विरोध आणि सेन्सॉरने सुचवलेले बदल यांमुळे दोन आठवडे लांबला. प्रत्येक ऐतिहासिक पात्रामागे आज एखादे घराणे, जात किंवा पक्ष उभा आहे. पटकथाकार त्यामुळे वादाचा प्रसंग टाळतो आणि सर्वमान्य लढाई निवडतो. विषयांची पुनरावृत्ती बाजारातून येते तितकीच या धास्तीतूनही येते.

न सांगितलेला भाग मोठा आहे. १७०० नंतर औरंगजेबाशी लढा चालू ठेवणाऱ्या ताराबाई, संताजी-धनाजींची धावती युद्धे, पानिपतानंतर दिल्लीत पुन्हा वर्चस्व मिळवणारे महादजी शिंदे, त्यांचा आणि नाना फडणिसांचा पत्रांतून चाललेला शह-काटशह, कान्होजी आंग्रे यांचे आरमार: यांपैकी कशालाही मराठी मोठ्या पडद्याने पुरेसा न्याय दिलेला नाही. साधनांची टंचाई हे त्याचे कारण असू शकत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले कोट्यवधी कागद आहेत. त्यांतून निवडून गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात ४५ खंड प्रसिद्ध केले, आणि राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ची परंपरा त्याहून जुनी आहे. त्या पत्रांत कर्जाचे तगादे, आजारपणे, रुसवे, हेरांच्या बातम्या, घोड्यांच्या किमती आणि छावणीतली टंचाई अशा पटकथेला हव्या त्या सगळ्या गोष्टी आहेत.